तीन आकडे आणि एक त्रिकोण

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या कडेला, डेट्रॉईटजवळच्या रॉयल ओकमधल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या आवारात आम्ही आमची जुनी गाडी लावून बसलो होतो. ड्रीम क्रूझला, म्हणजे या रस्त्यावर दरवर्षी भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, अजून आठवडा अवकाश होता, तरी घडीच्या खुर्च्या घेऊन रस्त्याकडेला बसणारी माणसे जमू लागली होती, आणि तापलेल्या डांबराच्या वासात जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचा तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, गोडसर आणि डोळ्यांना किंचित झोंबणारा वास मिसळला होता. माझी मुलगी पुढच्या सीटवर पाय दुमडून आइस्क्रीम खात होती. सत्तरी ओलांडलेला एक माणूस आमच्या गाडीभोवती फेरी मारून मागच्या चाकापाशी थांबला, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसला, आणि इंजिनाबद्दल किंवा रंगाबद्दल काहीही न विचारता त्याने टायरच्या कडेवरून तळहात फिरवला. बाजारात भोपळा निवडताना माझी आजी असाच हात फिरवायची. मग त्याने विचारले, ‘‘हे टायर कोणत्या सालचे आहेत?’’ मी म्हणालो की नक्षी पाहा, अजून नव्यासारखी आहे. ‘‘नक्षी मला दिसते आहे,’’ तो म्हणाला, ‘‘मी साल विचारले.’’ मला ते सांगता आले नाही. त्याने एकदा पुढच्या सीटकडे पाहिले, माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, आणि उठून तो शेजारच्या गाडीकडे गेला.

त्याच्या बोलण्यात रागही नव्हता आणि शहाणपणा दाखवण्याची हौसही नव्हती, म्हणूनच तो प्रश्न घरी येईपर्यंत माझ्या मनात ठाण मांडून बसला. रात्री जेवण झाल्यावर गॅरेजमध्ये पुठ्ठा अंथरून मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ‘डॉट’ या अक्षरांमागे एक क्रमांक कोरलेला असतो. २००० सालापासून त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, त्याआधी तीनच आकडे असत. पांढऱ्या अक्षरांचे टायर बसवताना अक्षरे बाहेरच्या बाजूला ठेवतात, त्यामुळे हा क्रमांक बहुधा आत, गाडीच्या पोटाकडे जातो आणि वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेला पडत नाही. मी ओल्या फडक्याने चिखलाचा थर पुसला.

३४८, आणि त्याच्यापुढे एक छोटा त्रिकोण.

त्रिकोण म्हणजे नव्वदचे दशक. म्हणजे १९९८ सालचा चौतिसावा आठवडा, आणि तोही ऑगस्टमधलाच. ते टायर कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या मुलीचा जन्म झाला नव्हता. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनी टायर बदला असे अनेक मोटार कंपन्या सांगतात, आणि दहा वर्षांपुढे तो वापरू नये असे टायर बनवणारे स्वतःच म्हणतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी वीस वर्षे ब्रेकच्या कामात आहे. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर, हे वाक्य मी नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक मुलाला ऐकवत आलो आहे. तरीही पाच उन्हाळे मी त्या चार टायरांवर घरच्यांना बसवून हिंडलो, कारण ते दिसायला सुंदर होते आणि ही गाडी जशी हाती आली तशीच राहावी असे मला मनापासून वाटत होते.

गाडी प्लायमाउथ रोड रनर आहे, १९६८ सालची, म्हणजे त्या नावाच्या पहिल्याच वर्षातली. त्या काळच्या मसल कार, म्हणजे दणकट इंजिनांच्या वेगवान गाड्या, महाग होत चालल्या होत्या, आणि ज्या तरुणांना त्या हव्या होत्या त्यांच्या खिशाला त्या परवडेनाशा झाल्या होत्या. म्हणून प्लायमाउथने मधल्या आकाराच्या साध्या गाडीत ३८३ घन इंचांचे, ३३५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले, बाकी सगळी सजावट काढून टाकली, आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत ठेवली. खाली गालिचाऐवजी रबराची चटई होती आणि पुढे सलग बाक होता. व्यंगचित्रातल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर दिले आणि हॉर्नही त्याच्या आवाजाचा केला. पहिल्याच वर्षी जवळपास ४५ हजार गाड्या खपल्या. आमच्या गाडीच्या क्रमांकात कारखान्याच्या जागी ‘ए’ हे अक्षर आहे; ती डेट्रॉईटच्या लिंच रोडवर तयार झाली, आणि ज्यांनी ती तेव्हा विकत घेतली ते गृहस्थ त्याच कारखान्यात कामाला होते. तो कारखाना १९८१ साली बंद झाला. गृहस्थ गेल्यानंतर त्यांच्या पत्नीने गाडी मला विकली. हेझेल पार्कमधल्या त्यांच्या छोट्या गॅरेजमध्ये गाडीच्या चार बाजूंना जेमतेम वीतभर जागा होती, आणि भिंतीवर, दरवाजा उघडताना जिथे टेकेल नेमके तिथे, त्यांनी जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी ठोकून ठेवली होती. ती पट्टी पाहूनच मी गाडी घ्यायचे ठरवले.

लाल रेघेच्या टायरांवर, बारक्या टोप्या घातलेल्या पोलादी रिमांवर ती कारखान्यातून बाहेर पडली होती. मला मिळाली तेव्हा मात्र तिच्यावर पाच आऱ्यांची चकचकीत क्रोमची चाके होती. ती त्या गृहस्थांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बसवली, आणि नंतर त्यांच्यावरचे टायर वेळोवेळी बदलत राहिले. शेवटचे टायर १९९८ चे. त्यानंतर वर्षाला दोनशे मैलसुद्धा गाडी चालली नसेल.

वापर नसलेले रबर टिकते असे आपल्याला वाटते, पण होते नेमके उलट. रबरात हवेतल्या ओझोनपासून वाचवणारी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि टायर फिरताना, दबताना, सुटताना ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की ती आतच अडकतात, कातडी सुकते, खोबणीच्या तळाशी केसाएवढ्या भेगा पडतात. आमच्या गावी, कराडजवळ, आजोबा वैशाखात बैलगाडी ओढ्याच्या डोहात नेऊन उभी करत, ते मला त्या रात्री आठवले. उन्हाळ्यात गाडी बसून राहिली की लाकूड आक्रसते, आरे तुंब्यात खुळखुळू लागतात आणि लोखंडी धाव ढिली होते. मग चाकांना रात्रभर पाणी पाजायचे, की लाकूड फुगून धाव पुन्हा आवळली जाते. चालणाऱ्या गाडीला डोहात घालावे लागत नाही, असे ते म्हणत.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, टाटा १२१० ट्रक होती. ते कोल्हापूरहून मुंबईला गूळ नेत. टायर हा आमच्या घरातला सर्वांत मोठा खर्च होता, शाळेच्या फीपेक्षा आणि दिवाळीपेक्षा मोठा. नक्षी झिजून टायर गोटा झाला की त्याला रिमोल्ड करून, म्हणजे वर नव्या रबराचा थर चढवून, आणायचे, रिमोल्ड झिजला की पुन्हा बघायचे. पण त्यांचा एक नियम होता आणि तो ओढाताणीच्या वर्षातही मोडला नाही : रिमोल्ड मागे, पुढे कायम नवा टायर. मागे एका बाजूला दोन-दोन टायर असतात, एक फुटला तर दुसरा सांभाळतो. पुढचा फुटला तर खंबाटकीच्या उतारावर स्टिअरिंग हातातून हिसकावले जाते. निघण्यापूर्वी क्लीनर टॉमी घेऊन प्रत्येक टायरवर एक-एक टोला हाणत जायचा आणि अण्णा केबिनमध्ये बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे की आतला कमी आहे, हवा भर. शेवटी ते न चुकता विचारायचे, ‘‘स्टेपनी बघितली का?’’ हा शब्द मला पुढे कितीतरी वर्षे मराठीच वाटत होता. वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे, १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवणारी कंपनी निघाली, आणि तिचे नाव इंग्रज विसरले तरी आपण जपून ठेवले.

पुढे कायम नवा टायर. आणि माझी मुलगी पुढच्या बाकावर बसून आइस्क्रीम खात होती.

दुसऱ्या दिवशी चाके उतरवायला घेतली. उजवीकडचे नट सहज सुटले. डावीकडचे मात्र जोर लावला तसे अधिकच आवळू लागले, तेव्हा मी हात थांबवून स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या खुंटीच्या, टोकावर फडके मारले. तिथे ‘एल’ हे अक्षर होते. क्रायस्लरच्या गाड्यांना त्या काळी डाव्या बाजूला उलटे आटे असत, पुढे जाणाऱ्या चाकाच्या फिरण्याने नट सैल पडू नये म्हणून. ही रीत त्यांनी १९७० च्या आसपास सोडली. लहानपणी मी सुट्टीत सायकलच्या दुकानात बसायचो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हा तिथला पहिला धडा होता. पाना उलट्या दिशेने ओढताच नट एखादे दार उघडावे तसा आवाज करून सुटला, आणि पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोणा इंजिनिअरची काळजी माझ्या मनगटाला कळली. पुष्कळ जण कटकट नको म्हणून हे स्टड काढून सरळ आट्यांचे बसवतात. मी ते तसेच ठेवायचे ठरवले, जरी त्यामुळे नव्या चाकांसाठी उलट्या आट्यांचे नट शोधण्यात तीन आठवडे गेले.

चाके खाली आली आणि पाच आऱ्यांच्या त्या क्रोमच्या चाकांबद्दलचा माझा मोहही उतरला. ज्या भोकांतून स्टड जातात त्यांतली दोन लांबट झाली होती. एकच चाक निरनिराळ्या गाड्यांना बसावे म्हणून त्या काळी अशा चाकांची भोके मुद्दाम मोठी ठेवत आणि खास घडणीच्या वायसरांनी ती जुळवून घेत. कधीतरी, कोणीतरी ते वायसर चुकीच्या बाजूने फिरवून बसवले होते आणि चाक वर्षानुवर्षे किंचित सरकत राहिले होते. शिवाय मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि कडा पोलादाची, त्यामुळे दोन धातू भेटतात तिथे पांढरी भुकटी साचली होती. म्हणजे प्रश्न टायरपुरता राहिला नाही, रिमाही नव्या घ्याव्या लागणार होत्या. आणि तेव्हा डिकीतली चटई उचलल्यावर खाली ती स्टेपनी दिसली.

मूळची. चौदा इंची पोलादी रिम, गाडीच्याच रंगाची, आणि तिच्यावर लाल रेघेचा टायर, एफ७०-१४, ज्याने रस्ता कधी पाहिलाच नव्हता. साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस त्याच्यावर अजून होते. मी ते बोटांनी चाचपले तर दोन तुटून हातात आले, इतके ते कोरडे झाले होते. लाल रेघ मात्र नुकत्या भरलेल्या कुंकवासारखी होती. संपूर्ण गाडीत ज्याला कोणाचा हात लागला नव्हता अशी ती एकच वस्तू असावी, आणि तिच्याकडे पाहिल्यापासून माझा निर्णय सोपा होण्याऐवजी अवघड झाला.

कारण मग पहिला मार्ग डोळ्यांसमोर उघडा पडला. तशाच चार पोलादी रिमा मिळवायच्या, टोप्या लावायच्या, आणि लाल रेघेचे नवे टायर घालायचे. टेनेसीतल्या चॅटानूगा गावी कोकर टायर नावाची कंपनी जुन्या साच्यांच्या बरहुकूम असे टायर आजही बनवते. ते आतूनही जुन्याच पद्धतीचे मिळतात, धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदणारे. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला नायलॉन टायर म्हणत आले त्याच जातीचे. कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे त्याच वर्षाची, अशाच टायरांची गाडी आहे, आणि त्याने ती मला एका रविवारी सकाळी चालवायला दिली. पहिले मैलभर चाके धप्‌धप्‌ करत होती, कारण रात्रभर उभे राहिल्याने टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटे होतात आणि गरम झाल्यावर पुन्हा गोल होतात. मग काँक्रीटच्या रस्त्यावरच्या लांबट चरांवरून जाताना गाडी त्या चरांच्या मागे जाऊ लागली, आणि मला क्षणोक्षणी तिला परत बोलवावे लागले. हे वाईट होते असे मी म्हणणार नाही. १९६८ मधल्या माणसाला गाडी चालवणे म्हणजे काय वाटत असेल ते मला त्या वीस मिनिटांत कळले. हातांना सतत काम होते, आणि रस्त्याची प्रत्येक गोष्ट स्टिअरिंगमधून खांद्यापर्यंत येत होती. पण खाली उतरल्यावर मी तळहात पाहिले तर ते ओले होते.

दुसरा मार्ग बरोबर उलट टोकाचा होता. अठरा इंची चाक आणि त्याच्यावर २४५/४५ चा पातळ टायर. एकूण उंची मूळच्या टायराएवढीच, सव्वीस इंचांवर थोडी, पण त्यातले रबर कमी आणि धातू जास्त. पकड आणि ब्रेकचे अंतर यांचा विचार केला तर माझ्या पेशाने मला इकडेच जायला हवे होते. मी गाडीच्या एका छायाचित्रावर तशी चाके कापून चिकटवून पाहिली. मोठ्या उघड्या आऱ्यांमधून आतला अकरा इंची ड्रम परातीत ठेवलेल्या वाटीसारखा दिसत होता. आणि दिसण्यापलीकडेही एक गोष्ट आहे : या गाडीचे मागचे कमानपाटे, पुढच्या पिळाच्या सळया, त्यांचे रबरी बुश, हे सगळे टायरच्या जाड, मऊ बाजूच्या, म्हणजे साइडवॉलच्या, भरवशावर आखलेले आहे. रस्त्याचा पहिला धक्का टायरने गिळायचा आणि उरलेला स्प्रिंगने, अशी त्यांची वाटणी ठरलेली आहे. वाटणी मोडली की धक्का थेट चासीला जातो. असे बदल करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. जे त्याबरोबर स्प्रिंग आणि ब्रेकही बदलतात त्यांच्या गाड्या अप्रतिम पळतात. पण मग ती गाडी दुसरी होते, आणि मला हीच हवी होती.

हीच म्हणजे कोणती, हा खरा प्रश्न होता. लिंच रोडच्या दारातून बाहेर पडलेली, की हेझेल पार्कच्या गॅरेजमध्ये चाळीस-पंचेचाळीस वर्षे राहिलेली?

मी त्या बाईंना भेटायला गेलो. डिकीतल्या स्टेपनीचे छायाचित्र दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. मग त्यांनी कपाटातून एक अल्बम काढला. त्यातल्या एका चौकोनी, पिवळट पडलेल्या छायाचित्रात गाडीच्या बॉनेटला टेकून त्यांचे पती उभे होते, हातात दुपट्यात गुंडाळलेले बाळ, आणि खाली ती पाच आऱ्यांची चाके, अगदी नवी, उन्हात चमकणारी. बाळाला दवाखान्यातून घरी आणले त्या दिवशी एट माइल रोडवर पाऊस होता, त्या सांगू लागल्या, आणि लाल रेघेच्या त्या टायरांवर गाडी एका खड्ड्याशी अशी सरकली की मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दाबून धरला. पुढच्याच महिन्यात यांनी रुंद चाके आणि नवे टायर आणले. मला ते ऐकताना गहिवरून आले आणि मी तसे म्हणालोही. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. ‘‘बाळाचे नाव पुढे केले त्यांनी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण त्या चाकांचे कात्रण पाकिटात दोन वर्षे होते. बाळाच्या आधीपासून.’’

घरी परतताना मी आय-९४ महामार्गावरून आलो. ॲलन पार्कपाशी रस्त्याच्या कडेला तो ऐंशी फूट उंचीचा टायर उभा आहे. १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो पाळणा होता, त्याच्या कडेने पाळण्याचे डबे फिरत आणि माणसे त्यांत बसून शहर पाहत. प्रदर्शन संपल्यावर तो तुकड्या-तुकड्यांनी इकडे आणून उभा केला. या देशात उतरलो त्या रात्री विमानतळावरून येताना मी पाहिलेली पहिली मोठी वस्तू तीच होती. तेव्हा मला कराडच्या जत्रेतला पाळणा आठवला होता, आणि मग अण्णांच्या ट्रकचा पुढचा टायर, आणि परक्या गावात आपल्या ओळखीचे कोणीतरी स्टेशनवर आले आहे असे वाटले होते. त्या दिवशी मात्र त्याच्याकडे पाहताना मनात त्या बाईंचे वाक्य होते. बाळाची काळजी खरी होती आणि पाकिटातले कात्रणही खरे होते. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवायचे कारण नव्हते. मलाही मुलीचे नाव पुढे करून काय हवे होते, ते मला तिथे, त्या टायरच्या सावलीतून जाताना, स्वच्छ दिसले. मला तीच पाच आऱ्यांची चाके हवी होती.

मग नुसते मोजमाप उरले, आणि मोजमापात मला सुख आहे. क्रेगरची एस/एस चाके १९६४ पासूनची, अमेरिकन रेसिंगची टॉर्क थ्रस्ट त्याच्या एक वर्ष आधीची, लान्सिंगच्या मोटर व्हील कंपनीची मॅग्नम ५०० तर फोर्डनेही वापरली आणि डॉजनेही. तिन्हींची नवी आवृत्ती आज मिळते. मी पहिली निवडली, पंधरा इंची, सात इंच रुंद. स्टडचे वर्तुळ साडेचार इंचांचे हवे हे ठरलेलेच होते. खरी अडचण चाक किती आत बसते याची असते : हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमेच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर पाव इंचाने चुकले तरी टायर एकतर कमानपाट्याला घासतो किंवा मडगार्डच्या ओठाला. मी स्वयंपाकघरातून कणकेचे आठ गोळे आणले, मडगार्डच्या आत आणि पाट्यांवर ते चिकटवले, मागे मित्राकडून आणलेले चाक लावले, आणि मुलीला व तिच्या दोन मैत्रिणींना डिकीवर बसवून गाडी वर-खाली हलवली. आतल्या गोळ्यावर टायरचा नुसता ठसा उमटला, बाहेरचा गोळा जसाच्या तसा राहिला. आमच्या गावचा लोहार धाव घडवण्यापूर्वी जमिनीवर चाक एकदा फिरवून दोरीने परीघ घ्यायचा आणि लोखंड त्याहून किंचित आखूड कापायचा, म्हणजे गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली धाव चाकावर चढवून वर पाणी ओतले की ती आक्रसून सगळे सांधे आवळते. त्या वाफेचा आणि करपलेल्या बाभळीचा वास मला कणीक खरवडून काढताना आला, हे मी शपथेवर सांगू शकतो.

टायर रेडियल घेतले. मिशलिनने या तंत्राचे पेटंट १९४६ साली घेतले, पण अमेरिकेने ते मनावर घ्यायला पाव शतक लावले. बीएफ गुडरिचचा पांढऱ्या अक्षरांचा रेडियल टी/ए १९७० चा. त्यात धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा असतो, त्यामुळे साइडवॉल आपल्या परीने वाकते आणि नक्षी रस्त्यावर सपाट टेकून राहते. पुढे २१५/६५, मागे २५५/६०. मागचा टायर मूळच्यापेक्षा अर्ध्या इंचाहून जरा अधिक उंच होतो, म्हणून काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी एकसष्टच्या पुढे असते, एवढेच.

दुकानात नवे टायर रिमेवर चढताना दोन वेळा तो बंदुकीसारखा आवाज झाला, आणि कोपऱ्यात जुने चार एकावर एक रचून ठेवलेले मला दिसले. ते तोडायला जाणार होते. नक्षी खरोखरच नव्यासारखी होती. ज्या माणसाने ते १९९८ मध्ये विकत घेतले त्याने तेव्हा पुढची कितीतरी वर्षे मनात धरली असतील. मी त्यांच्या अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला, पैसे दिले, आणि गाडी बाहेर काढली. नव्या टायरांच्या पांढऱ्या अक्षरांवर निळसर रंगाचा संरक्षक थर असतो. घरी आल्यावर मुलीने कोमट पाण्याची बादली आणि ब्रश घेतला, निळे पाणी फरशीवरून वाहत नालीकडे गेले, आणि एकेक अक्षर दुधासारखे वर आले.

गाडी बदलली आहे, हे मी लपवणार नाही. ती आता शांत चालते, चर ओलांडते, पावसात सरळ थांबते. पूर्वी पन्नासच्या आसपास टायरांचा एक बारीक गुणगुणता सूर लागायचा, आणि तो आला की मी न बघता वेग ओळखायचो. तो सूर आता नाही. कधी कधी तो नाही म्हणून मी उगीच काट्याकडे पाहतो.

नवी चाके बसवली की पन्नास मैलांनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. आमचे पन्नास मैल वुडवर्डवरच भरले, म्हणून आम्ही त्याच आवारात वळलो. सप्टेंबर लागला होता, खुर्च्या गेल्या होत्या, आणि ज्याला मला साल सांगायचे होते तो माणूस तिथे नव्हता. मुलीने टॉर्कचा पाना उचलला. उजवी बाजू तिने एकेक नट सोडून, ताऱ्याच्या आकारात, ‘टक्‌’ असा आवाज येईपर्यंत आवळली. मग वळसा घालून डावीकडे गेली, पान्यावरचा खटका स्वतःच फिरवला आणि उलट्या दिशेने सुरुवात केली. मी शेजारी उभा राहून फक्त आवाज मोजत होतो. दहावा आवाज झाल्यावर मी डिकी उघडली. लाल रेघेचा टायर आता गॅरेजच्या भिंतीवर आहे, रबरी ट्यूबच्या त्या पट्टीशेजारी, जी मी त्या बाईंकडून मागून आणली. डिकीत त्याच्या जागी पंधरा इंची साध्या रिमेवरचा नवा टायर आहे. मुलीने वॉल्वची टोपी काढून प्रेशर गेज लावला.

‘‘बत्तीस आहे, बाबा,’’ ती म्हणाली.